बाई काय विचारते, हे बाजाराला ठाऊक आहे



इंटरनेटवरच्या जाहिराती आणि त्यांच्यासाठी नेमके शब्द शोधून देणारी साधनं, हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या आपल्या लढाईचा एक मोठा भाग आता याच शब्दांपाशी येऊन ठेपला आहे.

आधी धंद्याची रीत समजून घेऊ. गूगलवर काही शोधलं की वरच्या बाजूला जाहिराती दिसतात. जाहिरातदार शब्द निवडतो, त्यावर बोली लावतो, आणि कुणी त्या जाहिरातीवर बोट ठेवलं की त्याचे पैसे कापले जातात. कोणता शब्द घ्यावा हे कळावं म्हणून 'कीवर्ड प्लॅनर'सारखी साधनं असतात. एक शब्द घातला की लोक त्याच्या आसपासचं काय काय शोधतात, महिन्याला साधारण किती वेळा, कोणत्या भागातून, आणि बोली कितीवर आहे, हे समोर येतं. रात्री सगळे निजल्यावर बाई फोनला जे विचारते ते तिच्या नणंदेला, जावेला ठाऊक नसतं. माल विकणाऱ्याला मात्र ते मोजून मिळतं. तिचं नाव मिळत नाही, पण प्रश्न मिळतो, आणि धंद्याला तेवढं पुरतं.

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याचं कलम २२ अशा जाहिरातींना बंदी करतं. २००३ च्या दुरुस्तीपासून त्यात इंटरनेटही आहे. तरीही जाहिराती येत राहिल्या, म्हणून साबू जॉर्ज यांनी २००८ साली गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सप्टेंबर २०१६ मध्ये चाळीसेक शब्दांची यादी पुढे आली आणि ते शब्द आपोआप अडवायचं कंपन्यांनी मान्य केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायालयाने तक्रारींसाठी यंत्रणा नेमायला आणि तिने कळवल्यावर ३६ तासांत जाहिरात काढायला सांगितलं. डिसेंबर २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली.

हा विजय लहान नव्हता. पण ती यादी इंग्रजीतली होती, 'जेंडर सिलेक्शन' वगैरे. अकोले-पारनेरची बाई असं विचारते का? ती विचारते, 'मुलगा होण्यासाठी काय करावं', 'पोटात काय आहे कसं ओळखायचं'. कधी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून, कधी नुसतं बोलून. यादी जिथे संपते तिथून तिची भाषा सुरू होते. आणि शब्द सरसकट अडवत गेलं तर कायदेशीर गर्भपाताची माहिती शोधणारीचीही वाट बंद होते. तो हक्क तिला १९७१ च्या कायद्याने दिलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

नगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर) हे प्रकरण परकं नाही. सम-विषम तारखेवरून मुलगा की मुलगी होते, असं सांगणारं इंदोरीकर महाराजांचं कीर्तन यूट्यूबवर आलं आणि २०२० साली संगमनेरच्या न्यायालयात याच कलम २२ खाली खटला दाखल झाला. २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने तो रद्द केला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पुन्हा उभा केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५२ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ८८४ होत्या. 'मुलगा होण्यासाठी' असं शोधणारीला पहिलं उत्तर कोण देतं, हा प्रश्न या आकड्यांच्या शेजारी ठेवूनच वाचायला हवा.

तर मग जाहिरातदारांचं हे साधन आपण का वापरू नये? 'गूगल ट्रेंड्स' फुकट आहे, त्याला खातंही लागत नाही. शोधाच्या चौकटीत दोन शब्द लिहून थांबलं तरी खाली लोकांचे प्रश्न उलगडत जातात. संस्थांच्या पत्रकांवर 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५' असं छापलेलं असतं. मार खाल्लेली बाई तसं लिहीत नाही. ती लिहिते, 'नवरा मारतो काय करू'. १८१ हा हेल्पलाइनचा नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्याची माहिती या वाक्याखाली लिहिली तर तिला ती सापडण्याची शक्यता आहे. अधिनियमाखाली लिहिली तर वकिलांना सापडेल.

साधनाच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. ट्रेंड्समधला १०० हा आकडा माणसांची संख्या नसतो, तो फक्त त्या काळातला सर्वात वरचा टप्पा असतो. तालुक्याच्या पातळीवर तर बहुधा काहीच दिसणार नाही. फोन घरात एकच असेल तर प्रश्न सुनेने विचारला की सासऱ्याने, हेही कळत नाही. आणि जिच्या हातात फोनच नाही, ती या मोजणीत नाहीच. तिच्यासाठी गावातली बैठक आणि ओट्यावरच्या गप्पाच लागणार.

उलट, जे कुठल्याच साधनाकडे नाही ते आपल्या केंद्रांच्या नोंदवह्यांत आहे: आलेल्या बाईचं पहिलं वाक्य. पुढच्या अंकाआधी प्रत्येक गटाने गेल्या वर्षभरातली अशी पन्नास वाक्यं काढावीत, नाव-गाव वगळून, जशी बोलली तशी, व्याकरण न सुधारता. ती आम्हाला पाठवा. त्यातली कोणती वाक्यं फोनवर विचारली जातात आणि तिथे आज काय उत्तर मिळतं, हे आपण मिळून तपासू आणि पुढच्या अंकात छापू. सल्ला देताना जाहिरात दिसली, तर पडद्याचा फोटो तारखेसह ठेवा. कलम २२ खाली तक्रारीला तो लागेल.