एकटीच का? मग वर बसा

वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून एक पान ठरलेलं असतं : मुंबईत कुठे काय खावं. सकाळी मिसळ, दुपारी माटुंग्याला केळीच्या पानावर जेवण, संध्याकाळी इराण्याकडे बनमस्का आणि चहा, रात्री महंमद अली रोड. लिहिणारा चवीनं लिहितो. माझ्याही तोंडाला पाणी सुटतं. पण दरवेळी मला एक प्रश्न पडतो. हा गृहस्थ दिवसभर एवढं खातोपितो, तर मग जातो कुठे? त्याला काय, एखादी भिंत पुरते. म्हणून त्याच्या यादीत चव असते, भाव असतो, पत्ता असतो, संडास कुठे आहे ते नसतं.

मी गेली तीस वर्षं संघटनेच्या कामासाठी सातारा-मुंबई ये-जा करते आहे. या प्रवासात मी काय शिकले असेन, तर उपाशी राहायला. आदल्या रात्रीपासून पाणी कमी प्यायचं. थांब्यावर गाडीतून उतरायचं नाही, कारण मोरीला कडी नसते किंवा दारात कोणी तरी उभा असतो. बैठक संपेपर्यंत चहावर काढायचं आणि परतीच्या गाडीत पर्समधला बिस्किटपुडा. ही काही माझी एकटीची कथा नाही. वाचणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याही पर्समध्ये तो पुडा आहे.

मार्च २०२३ पासून एस.टी.त सगळ्या बायकांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. फार चांगलं झालं. गाड्या बायकांनी भरून जाऊ लागल्या. पण थांब्यावर गाडी उभी राहिली की खाली कोण उतरतं ते जरा खिडकीतून बघा. २०११ साली मुंबईतल्या संघटनांनी ‘राइट टु पी’ची मोहीम सुरू केली तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून पैसे, हा हिशेब त्या बायांनी चारचौघांत मांडला. तो निव्वळ मुतारीचा हिशेब नव्हता. जिला जायला जागा नाही, ती पाणी पीत नाही आणि पोटभर जेवतही नाही.

मागच्या वर्षी आझाद मैदानावरचं धरणं आटोपून मी फोर्टातल्या एका हॉटेलात शिरले. दुपारचे तीन वाजले होते, पोटात कावळे ओरडत होते. पोऱ्यानं विचारलं, “किती जण?” म्हटलं, “एकटीच.” तो म्हणाला, “मग वर फॅमिली रूममध्ये बसा.” एकट्या बाईला फॅमिली रूम! मी खालीच, रस्त्याकडच्या टेबलावर बसले. गल्ल्यावरचे शेठ दोनदा मान वळवून बघून गेले. मी पुरीभाजी मागवली, नंतर ताक मागवलं, आणि मुद्दाम सावकाश जेवले. साठी उलटलेल्या बाईकडे लोक काय बघणार, असं तुम्ही म्हणाल. बघतात. कोणाची तरी वाट पाहत बसलेली बाई त्यांना समजते. स्वतःसाठी जेवत बसलेली समजत नाही.

फॅमिली रूमबद्दल एक मान्य करते. ज्या काळी घरंदाज बाईनं हॉटेलची पायरी चढणं हीच बातमी होती, त्या काळी इराण्याच्या त्या अर्ध्या दाराच्या खोल्यांमुळे निदान तिला आत येता आलं. पण आडोसा म्हणून दिलेली जागा पुढे नेमून दिलेली जागा होते. आपल्या घटनेच्या कलम १५ (२) मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेशाच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कोणाही नागरिकावर निर्बंध घालता येणार नाही. जात आणि लिंग एकाच ओळीत आहेत. आपण दारात अडवणाऱ्यापुढे ही ओळ कधी म्हणून दाखवली आहे का?

त्या ओळीचा अर्थ मला एका मैत्रिणीनं समजावला. मी कौतुकानं सांगत होते की आमची आई प्रवासात बाहेरचं पाणीदेखील घ्यायची नाही. दशम्या आणि चटणी बांधून न्यायची. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली म्हणून दशमी प्रवासात चालायची. आम्हा पोरांना भरवायची, वडील स्टँडवर भजी खाऊन यायचे, आणि स्वतः आई घरी परतल्यावर जेवायची. मैत्रीण म्हणाली, “तुझ्या आईला हॉटेलात जायचं नव्हतं. माझ्या आईला जाऊ देत नव्हते. गेलीच तर कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली, आणि ती तिनंच विसळायची.” मी गप्प झाले. वडिलांच्या भज्यांनी आमचं सोवळं कधी मोडलं नाही. ते सगळं आईच्या रिकाम्या पोटावर तोललेलं होतं, आणि त्याच सोवळ्यानं तिच्या आईला पायरीखाली उभं केलं होतं. तेव्हापासून ‘घरचा डबा तो घरचा डबा’ हे वाक्य मी सहजपणे बोलू शकत नाही.

आणि या शहराला पोसलं कोणी? गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले कामगार दाटीवाटीनं, पाळीपाळीनं एकेका खोलीत राहायचे. त्यांची दोन वेळची ताटं खानावळवाल्या बायका चाळीतल्या खोलीत रांधायच्या. किराणा उधारीवर, अडीनडीला मंगळसूत्र गहाण. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराचा फास सैल केला. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, जेवणारे गावी गेले. हा इतिहास आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवा. पण एक गोष्ट आपण बघितलीच नाही. खानावळ चालवणारी बाई होती, जेवायला बसणारा मात्र पुरुष. गिरण्यांत बायकाही कामाला होत्या. त्यांची खानावळ कुठे होती? त्या पाळी संपवून घरी जायच्या आणि चूल पेटवायच्या.

आता स्वतःकडे येते, कारण दोष नुसता शेठजींचा नाही. काही वर्षं मी आमच्या संस्थेची खजिनदार होते. एका तरुण कार्यकर्तीनं प्रवासखर्चात हॉटेलातल्या थाळीचं बिल लावलं. मी ते नामंजूर केलं. “आपण लोकवर्गणीवर चालतो, डबा न्यायचा,” असं वर ऐकवलंही. पुढच्या दौऱ्यात ती दिवसभर न खाता फिरली आणि संध्याकाळी स्टँडवर चक्कर येऊन पडली. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलली? “ताई, बिल नाही लावणार.” ते वाक्य अजून माझ्या कानातून जात नाही.

देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांमधल्या ५७ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं (२०१९-२१) सांगितलं. आपण त्यावर पोस्टर केलं, शिबिरं घेतली, आणि शिबिराला येणाऱ्या बाईच्या खर्चाच्या तक्त्यात लिहिलं : ‘चहापाणी.’ मोर्च्यात उपाशी चालणाऱ्या बाईचं आपल्याला कौतुक वाटतं. नवरात्रातल्या उपवासाची आपण चिकित्सा करतो, चळवळीतल्या उपवासाला त्याग म्हणतो. कोणी म्हणेल, गरीब बाईला दोन वेळ मिळत नाही आणि या हॉटेलची चर्चा करतात. पण गावाहून दप्तर घेऊन मंत्रालयात चकरा मारणारी, तिसऱ्या मजल्यावर चार तास बाकावर बसवलेली बाई गरीबच असते. चवीनं, बसून, कोणाला वाढत न बसता जेवायचा हक्क तिला कधी मिळणार? तिची गरिबी संपल्यावर?

येत्या कार्यकारिणीपुढे मी ठराव ठेवते आहे. प्रवासखर्चाच्या तक्त्यात ‘जेवण’ असा स्वतंत्र रकाना हवा, एका वेळच्या साध्या थाळीचा पूर्ण भाव, आणि पावती नसली तरी चालेल. मुंबईतल्या बैठकीची वेळ साडेदहा ते साडेबारा, त्यानंतर सगळ्यांनी मिळून बाहेर जेवायला जायचं, खालच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या टेबलांवर. शिवाय एक यादी करायला घेतली आहे. दादर, परळ, सी.एस.एम.टी., ठाणे आणि पुण्याचं स्वारगेट यांच्या आसपास बाईनं एकटीनं बसून जेवावं अशा जागा : काय चांगलं मिळतं, थाळी केवढ्याला, संडास आहे का, आणि त्याला आतून कडी आहे का. बायकांनी चालवलेल्या खानावळी आणि बचतगटांची केंद्रं त्यात आधी. माझ्याकडे आतापर्यंत अकरा जागा झाल्या आहेत. सातांना कडी आहे. तुमच्या गावच्या स्टँडजवळची जागा पोस्टकार्डावर कळवा, स्वतः तिथे जेवून मग.