वीस जणांचा ताफा ऐका, आणि पुरा बोलवा

नागपूरच्या गाणंवेड्या पोरापोरींनो, हल्ली एकटा माणूस लॅपटॉपवर सगळी वाद्यं रचून गाणं करतो. त्यात वाईट काहीच नाही. पण पंधरा-वीस जण एका मंचावर मिळून गातात-वाजवतात, त्या गाण्याची मजा निराळी. ते आपसूक कानावर पडत नाही, कारण एवढ्या माणसांचं गाडीभाडं, जेवण, माईक आणि मानधन फार थोड्यांना झेपतं. म्हणून ते मुद्दाम शोधावं लागतं.

सुरुवात चेन्नईच्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’पासून करा. सिनेदिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी हा बँड जमवला. जानेवारी 2018 मधल्या पहिल्या कार्यक्रमात एकोणीस कलावंत होते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांमधला ‘गाना’ हा गाण्याचा प्रकार, त्याला रॅप आणि रॉकची जोड, आणि शब्द थेट जातीविरुद्धचे. त्यातली गायिका इसैवाणी 2020 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आली. तमिळ येत नसेल तरी अडत नाही. त्यांच्या गाण्यातलं ‘जय भीम’ नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही.

असं गाणं शक्यतो व्हिडिओवर पाहा. एकदा सलग ऐका. दुसऱ्यांदा फक्त तालवाद्यांकडे लक्ष ठेवा, तिसऱ्यांदा फक्त कोरसकडे. आधी गोंगाट वाटलेल्या जागी कोण कुणाला वाट करून देतंय, ते हळूहळू कळू लागतं.

मग आपल्या गावात या. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर गेलात तर पुस्तकं घ्या, आणि परिसरात कुठे भीमगीतांचा मंच लागला असेल तर तिथे तासभर बसा. मुख्य गायक ओळ टाकतो, कोरस ती उचलतो आणि ढोलकीवाला दोघांना धरून ठेवतो. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर 2010 मध्ये दीक्षाभूमीच्याच मंचावर कोसळले आणि गेले, हे तिथे बसताना आठवणीत असू द्या.

अमरावती रोडने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीलाही जा. त्यांच्यामुळे विदर्भाच्या गावोगावी खंजिरी भजनाची मंडळं उभी राहिली. तिथे वादकाच्या हाताकडे बघा: एक हात थाप देतो आणि खंजिरी धरलेल्या हाताची बोटं चामडं दाबून आवाज वर-खाली करतात. एवढ्याशा वाद्यावर अख्खं मंडळ चालतं.

आता गणेश मंडळं, जयंती समित्या आणि कॉलेजांच्या आयोजकांना हात जोडून सांगणं आहे. ताफा ठरवताना “चार जण कमी आणा, तेवढेच पैसे वाचतील” असं म्हणू नका. कमी होतो तो कोरस, आणि कोरस गेला की गाण्याचा कणाच जातो. बजेट कमी असेल तर मंडप लहान करा, फ्लेक्स कमी लावा. किती माईक लागतील ते आधी विचारा. गाडीभाडं मानधनातून कापू नका, वेगळं द्या. पैसे कार्यक्रम संपताच द्या, हेलपाटे मारायला लावू नका. आणि पत्रिकेत टाळकऱ्यापासून गायकापर्यंत प्रत्येकाचं नाव छापा.