सहापर्यंत चढायचं, मग उतरायचं

वाचकहो, एक संख्या कागदावर लिहून घ्या: १२३४५६५४३२१. मोठ्याने वाचायची तर बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंक तेच.

आपल्याकडच्या मुलांना ती मी मुद्दाम देते. मराठीत ‘चौपन्न’ म्हणताना चार आधी येतो, पन्नास मागून; कन्नडमध्ये ‘ऐवत्तनाल्कु’ म्हणताना पन्नास आधी. घरी एक, शाळेत दुसरी. मग मूल ५४ च्या जागी ४५ लिहितं आणि ‘गणितात कच्चा’ असा शिक्का बसतो. मला हे मुळीच पटत नाही. दोन भाषांत मोजणारं मूल कच्चं कसं?

ही संख्या आहे आपल्याच मुलखातली. इ.स. ८५० च्या सुमारास महावीराचार्य या जैन पंडिताने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आरंभी त्याने अमोघवर्ष नृपतुंगाची स्तुती केली आहे. हा राष्ट्रकूट राजा. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. कन्नडमधला उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ ‘कविराजमार्ग’ याच्याच दरबारातला, आणि वेरूळचं कैलास लेणं कोरवून घेणारं घराणंही हेच. तेव्हा महावीराचार्य मराठी की कानडी, हा वाद कट्ट्यावरच राहू द्या.

या ग्रंथात गुणाकाराची काही उदाहरणं अशी आहेत, की उत्तर गळ्यातल्या हारासारखं दोन्ही बाजूंनी सारखं यावं. एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग उतरणारी, असं तो आपल्या संख्येचं वर्णन करतो. त्याचा गुणाकार: २७९९४६८१ गुणिले ४४१.

हे आकडे त्याला सुचले कसे? ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा. आता ५२९१ ला २१ ने गुणा. येतात १११११११ नव्हे, नीट मोजा, सहाच एक: ११११११. म्हणजे हा सगळा हार त्या सहा एकांचा वर्ग!

मुलांना तो पाटीवर मांडायला लावा. एकाखाली एक सहा ओळी, प्रत्येक एक घर डावीकडे सरकवलेली. उभी बेरीज घेतली की कडेला एकच एक, पुढे दोन, मध्यावर सहा, मग पुन्हा कमी. हातचा कुठेच नाही, म्हणून अंक इतके सुरेख उभे राहतात.

नऊ एकांपर्यंत हे चालतं. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि हार तुटतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ कुठे गेला, ते मात्र मुलांनाच शोधू द्या. आपण मध्ये बोलायचं नाही.