गोष्टीत आपण कोण?

गोष्ट सर्वांना आवडते. मलाही फार आवडते. पण गोष्ट म्हणजे नुसती करमणूक नाही. माझे मत असे आहे की, आपण जशा गोष्टी ऐकतो तसे आपण घडतो.

चिऊकाऊची गोष्ट सर्वांना माहीत आहे. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते, पण चिमणी दार लवकर उघडत नाही. ही गोष्ट ऐकताना सगळ्या मुली चिमणी होतात. मी मात्र कावळा होते. कारण आमचे घर मातीचे आहे आणि आई ते शेणाने सारवते. शेणाचे घर असले म्हणजे काय आपण वाईट झालो? मला वाटते, चिमणीने दार लगेच उघडायला पाहिजे होते. गोष्ट सांगणाऱ्याने, ऐकायला कोण कोण बसलंय तेही बघावे.

महात्मा गांधींनी लहानपणी राजा हरिश्चंद्राचे नाटक पाहिले. ते त्यांना इतके आवडले की मनातल्या मनात ते पुन्हा पुन्हा हरिश्चंद्र होत. सगळेच असे खरे का वागत नाहीत, असा प्रश्न त्यांना पडला. हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे दक्षिण आफ्रिकेत 1906 साली लढा सुरू झाला. त्या लढ्याला त्यांनी सत्याग्रह असे नाव दिले. त्या नावातही सत्य आहे. एका नाटकानेच सगळे झाले असे मी म्हणत नाही, पण बी तिथे पडले.

गोष्टी फक्त पुस्तकात आणि नाटकात नसतात. घरात आपल्याविषयीही गोष्ट सांगतात. पाहुणे आले की काही मुलांविषयी म्हणतात, "हा ढच आहे. याच्या डोक्यात काही शिरतच नाही." तेच तेच ऐकून त्या मुलाला ते खरे वाटते. मग उत्तर येत असले तरी तो वर्गात हात वर करत नाही. असा एक मुलगा मला माहीत आहे. तो आठवडी बाजारात भाजी विकतो, तेव्हा सुट्ट्या पैशांचा त्याचा हिशेब कधी चुकत नाही. पण ही गोष्ट पाहुण्यांना कोणीच सांगत नाही!

माझी आजी शाळेत गेली नाही. 1972 च्या दुष्काळात ती 12 वर्षांची होती. दुष्काळी कामावर तिने खडी फोडली. तिथे सुकडी मिळायची, ती आजी आधी धाकट्या भावांना द्यायची. विचारले तर म्हणते, "त्यात काय सांगायचंय पोरी?" पण ही गोष्ट ऐकल्यापासून पाणी आणायचा कंटाळा आला की मला आठवते, मी त्या आजीची नात आहे. मग मी हंडा उचलते.

म्हणून पालकांना माझी नम्र विनंती आहे. रोज रात्री एक तरी गोष्ट सांगा. राजाराणीची सांगा, पण तुमची खरी गोष्टही सांगा. आणि आमच्याविषयी सांगाल ती अर्धी सांगू नका. मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही घरी आजी-आजोबांना त्यांची गोष्ट विचारा आणि पुढच्या भित्तिपत्रकात लिहा. मी ती नक्की वाचीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी