तहान मारून यात्रा नको

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला, मन्मथस्वामींच्या यात्रेला कितीतरी बायका पायी जातात. वाटेत आडोसा मिळणार नाही म्हणून सकाळपासून घोटभर पाणी नाही! निघायचं धबधब्याच्या ठिकाणी आणि घसा कोरडा!

मैत्रिणींनो, मूत्रपिंडाच्या आत नरसाळ्यासारखी पोकळी असते. लघवी आधी तिथे जमते, मग नळीतून मूत्राशयात उतरते. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, खडे धरतात. तुंबवून ठेवली की जंतूंचं फावतं. आपला मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. ते चटकन वर शिरतात. नुसती जळजळ असते तोवर दुखणं बहुधा खालीच असतं. पण हुडहुडी भरून ताप, कुशीत कळ, उलट्या सुरू झाल्या, की ते वरच्या पोकळीपर्यंत पोचलं समजा. मग धन्या-जिऱ्याचं पाणी पीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, औषधाआधी लघवी तपासायला द्या. गरोदर बाईने तर जळजळही अंगावर काढू नये. बरं वाटलं तरी गोळ्या सांगितल्या तितके दिवस घ्यायच्याच. (डॉक्टरांनी ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांची गोष्ट वेगळी.)

आणि मुक्काम ठरवणाऱ्या पुरुषमंडळींना जेवणाच्या आधी विचारा, बायकांच्या संडासाची सोय काय केलीत?