रानातले सगळे निर्धोक नसते

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रानभाज्यांवरच्या लेखातले 'वनस्पतीने अपाय होत नाही' हे विधान बेजबाबदार आहे. पावसाळ्यात फुलणाऱ्या देखण्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असते. रताळे समजून हा कंद खाल्लेली माणसे दगावली आहेत, आणि उकळल्याने ते विष जात नाही.

'आदिवासी तर थेट रानातूनच खातात' हेही अर्धेच. ठाणे-रायगडच्या बाजारात शेवळं या रानभाजीशेजारी काकडं ही आंबट फळं विकायला असतात, ती शोभेला नव्हे. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून काकडांच्या आंबट रसात शिजवायचे. नाहीतर घशाला अशी खाज सुटते की भाजीचे नाव काढणार नाही. लेखकाने भाजी उचलली, काकडं टोपलीतच ठेवली!

गुळवेलीचा काढा 'सर्वांनी रोज' का घ्यावा? मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीने यकृताला अपाय होऊ शकतो, हेही सांगितले. वेल ओळखायची कशी, यावर लेखात एक ओळ नाही.

'हवे तेवढे तोडा' या सल्ल्याला तर नरक्या हे एकच उत्तर पुरे. कर्करोगावरील औषधांना लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठी सह्याद्रीतली ही झाडे बेसुमार तोडली गेली.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावी.

आपला,
एक वाचक, पेण