पिस्तूल वॉचमनच्या हातात, पाप कोणाच्या खात्यात?



गेल्या दोन महिन्यांत तिघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. "काकू, आमच्या सोसायटीत कबुतरं आणि उंदीर फार झालेत. एअर पिस्तूल घ्यायचं चाललंय. त्यातल्या त्यात बरं कोणतं?" तिघीही आपल्याच समाजाच्या. एक अष्टमी-चतुर्दशी चुकवत नाही, एक पाठशाळेत मुलांना शिकवते, तिसरीच्या घरी आजही पाणी गाळल्याशिवाय भरलं जात नाही. "घ्यावं का?" असं मात्र एकीनेही विचारलं नाही. "कोणतं घ्यावं?" एवढंच.

माझं उत्तर आधीच सांगते. कोणतंही नको. स्प्रिंगचं नको, पंपाचं नको, गॅसच्या नळकांडीचं नको. हे उत्तर कुणाला भाबडं वाटेल, म्हणून कारणं नीट मांडते.

तिघींचं पहिलं वाक्य सारखंच होतं. "आपण कुठे मारणार आहोत? वॉचमन मारेल." वा! म्हणजे पैसे मेंटेनन्समधून, ठराव समितीचा, सही तुमची, आणि पाप त्या बिचाऱ्या वॉचमनचं. मी कॉमर्सची. आम्हाला 1872 चा करार कायदा शिकवला होता. त्यात एजंटाने मालकाच्या वतीने केलेलं काम मालकालाच बांधतं. आपला धर्म तर त्या कायद्याच्या कितीतरी आधीपासून हेच सांगतो : कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि करणाऱ्याला मनातून संमती देणं, तिन्ही आपल्याच खात्यात. लहानपणी पाठशाळेत आपण हे तीन शब्द घोकले. आणि सोसायटीच्या सभेत हात वर करताना नेमके विसरायचे?

दुसरं वाक्य जरा हुशार बायकांचं. "श्रावकाला विरोधी हिंसा माफ आहे ना? कबुतरं आम्हाला त्रास देतात, मग हा बचावच झाला." आता हिंसेचे चार प्रकार पुन्हा आठवा. स्वयंपाक-झाडलोट करताना होते ती आरंभी, शेती-व्यापारात होते ती उद्योगी, प्राणावर-घरादारावर कुणी चालून आलं तर त्याला अडवताना होते ती विरोधी, आणि ठरवून, नेम धरून केलेली ती संकल्पी. पहिल्या तीन गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत, म्हणून तिथे जपून वागायचं. चौथी मात्र श्रावकाने सोडायचीच. एसीच्या युनिटमागे अंड्यांवर बसलेलं कबुतर तुमच्यावर चालून आलेलं नाही. त्याच्यावर डोळा मिटून नेम धरायचा म्हणजे संकल्पी हिंसेची व्याख्याच झाली.

आणि ज्या घरात कबुतराचा त्रासही नाही, तिथे काय सांगतात? "मुलांना जरा टाइमपास. गच्चीवर बाटल्या उडवतील, एखादा कावळा हाकलतील." याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अनर्थदंड. ज्याचं काही प्रयोजन नाही अशी हिंसा. अनर्थदंडविरती हे श्रावकाच्या गुणव्रतांपैकी एक. त्याच्या पाच प्रकारांत एक आहे हिंसादान, म्हणजे शस्त्र, विष, आग अशी हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात हे सगळं आलेलं आहे. वापरलं की नाही हा प्रश्न नंतरचा. आणून दिलं, तिथेच दोष लागला. वॉचमनच्या हातात पिस्तूल देणारी समिती हिंसादानच करते. मग ती समिती चातुर्मासात महाराजांच्या आहाराची कितीही छान व्यवस्था करू दे.

बरं, धर्म बाजूला ठेवू. ज्या कामासाठी हे घेता ते काम तरी होतं का? साधं एअर पिस्तूल साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारतं. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे एवढ्याच व्यासाच्या आणि 20 ज्यूलपर्यंत जोर असलेल्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. पिस्तुलाचा जोर बहुतेक वेळा त्या मर्यादेच्याही बराच खाली असतो. दहा मीटरवरचा कागद फोडायला तो पुरतो. जिवाचा मात्र तो एका क्षणात शेवट करत नाही. कबुतर छर्रा अंगात घेऊन उडतं आणि दुसऱ्या इमारतीच्या डक्टमध्ये तीन-चार दिवस कण्हत मरतं. उंदीर पाय ओढत ड्रेनेजमध्ये शिरतो आणि तिथेच कुजतो. मग "वास कुठून येतो?" म्हणून तुम्हीच नाकाला पदर लावून फिरणार. छर्रा भिंतीवर, ग्रिलवर आपटला तर उलटाही येतो. खाली सायकल चालवणाऱ्या पोराच्या डोळ्याला नेम लागत नाही, उलटलेला छर्रा लागतो. आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात वॉचमनला कबुतर कोणतं आणि पोपट कोणता हे कळायला हवं. पोपट वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे.

"पण परवाना लागत नाही ना!" हो, लागत नाही. बाळगायला लागत नाही. मारायची मोकळीक त्यातून मिळत नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये हे मात्र खरं. कायद्याला जीव एवढा स्वस्त वाटला म्हणून आपल्यालाही वाटावा का?

आता समोरच्या बाजूचं खरं दुखणंही मान्य करते, कारण ते खरंच आहे. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींच्या फुप्फुसांना कायमचा आजार जडतो. ज्या घरात दम्याचा माणूस आहे, तिथल्या सुनेला "जीवदया पाळ" एवढं सांगून भागत नाही. उंदरांच्या मुतातून पावसाळ्यात लेप्टो होतो. आणि आपल्या वसई-नालासोपाऱ्यात पाऊस पडला की गुडघाभर पाण्यातून कोण चालत नाही? प्रश्न मोठा आहे. पिस्तुलाने तो सुटत नाही, एवढंच माझं म्हणणं.

कबुतरं वाढतात कशाने, हे आधी विचारा. दाण्याने. एक जोडी वर्षातून अनेकदा दोन-दोन अंडी घालते, आणि बाराही महिने खाणं मिळालं की पिल्लं जगतात. 2025 च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेने टाकलेली ताडपत्री काढायला आपल्या समाजाची माणसं रस्त्यावर उतरली. त्यात बायकाही होत्या. त्या वादात कोण बरोबर हा विषय आज घेत नाही. पण दादरच्या कबुतरांसाठी घोषणा द्यायच्या, गच्चीवर रोज पिशवीभर ज्वारी टाकायची, आणि त्याच ज्वारीवर पोसलेली कबुतरं खालच्या मजल्यावर शिरली की पिस्तुलाच्या वर्गणीवर गप्प बसायचं, हा हिशोब मला जुळत नाही. दाणे टाकण्याचं पुण्य आपलं आणि छर्ऱ्याचं पाप वॉचमनचं, अशी वही कोणता ऑडिटर पास करेल? जीवदयेचा पैसा खर्चायचाच असेल तर पांजरपोळाला द्या, जखमी पक्ष्यांच्या दवाखान्याला द्या. पन्नास घरांच्या खिडक्यांवर जो ढीग जमवता, ती दया नव्हे.

मग करायचं काय? सांगते.

खिडक्या, डक्ट आणि एसीच्या युनिटला जाळी, पण ताणून बसवलेली. सैल जाळीत पक्षी अडकून मरतात, ती जाळी पिस्तुलाइतकीच वाईट. बसवण्याआधी घरटी बघा. अंडी फुटायला साधारण अठरा दिवस आणि पिल्लू उडायला महिनाभर लागतो. दीड महिना थांबा, मग बंद करा. सुकलेली विष्ठा झाडूने उडवू नका. तोंडाला मास्क लावून, पाणी मारून, ओली करून काढा. उंदरांसाठी पाइपांच्या भोवतीची भोकं तारेचा काथ्या आणि सिमेंट घालून बुजवा, गटाराच्या तोंडाला लोखंडी जाळी लावा, धान्य झाकणाच्या डब्यात ठेवा, ओला कचरा रात्रभर जिन्यात ठेवू नका. पिंजऱ्यात धरून खाडीपलीकडे सोडणं म्हणजे आपली ब्याद दुसऱ्याच्या दारात. आणि तो चिकट पुठ्ठा तर घरात आणूच नका. त्यावर उंदीर स्वतःची कातडी सोलत मरतो. खर्चाचं म्हणाल तर जाळीला पिस्तुलापेक्षा जास्त पैसे पडतील, मान्य. पण जाळी एकदा बसवली की बरीच वर्षं टिकते. पिस्तुलाला छर्रे कायमचे लागतात आणि कबुतरं तेवढीच राहतात.

इथे कुणी म्हणेल, "म्हणजे नेमबाजीच वाईट?" मी तसं म्हटलेलं नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. मनू भाकरने 2024 मध्ये पॅरिसला याच दहा मीटर एअर पिस्तुलात पदक घेतलं. त्यांच्या समोर कागद असतो, मागे भिंत, शेजारी प्रशिक्षक, आणि खेळ संपला की शस्त्र कुलपात. तुमच्या नातीला त्यात गोडी असेल तर खुशाल रेंजवर पाठवा. मन एकाग्र होतं. पण घरच्या गच्चीवर पुठ्ठ्याचं कबुतर कापून त्यावर सराव करू देऊ नका. राजा यशोधराची कथा आठवते ना? आईच्या आग्रहावरून त्याने खरा नाही, पिठाचा कोंबडा बळी दिला. पीठच होतं, पण मनात कोंबडा होता. त्या एका संकल्पापायी मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले.

आता एक गोष्ट सांगते, जी ऐकून मला आपल्या लोकांची लाज वाटली. अरुणाचल प्रदेशात शिकार ही कित्येक जमातींची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिथे मार्च 2021 मध्ये एअरगन परत करण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी पक्षी वाचावेत म्हणून आपणहून बंदुका आणून दिल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितला तो आकडा होता 1600 हून जास्त. ज्यांच्या रीतीत शिकार आहे ते बंदुका परत करतायत, आणि ज्यांच्या रीतीत पाणी गाळून प्यायचं आहे ते "त्यातल्या त्यात बरं कोणतं" विचारतायत!

इतक्या लांबही जायला नको. आपल्या सोपाऱ्यात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो लेख दुसऱ्या ठिकाणच्या शिळांवर पूर्ण वाचता येतो. विषय काय? पूर्वीचे राजे शिकारीच्या, करमणुकीच्या यात्रा काढत, अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. अशोक बौद्ध होता, जैन नव्हता. पण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्या गावात करमणुकीची शिकार सोडल्याचं दगडावर कोरलं गेलं, त्याच गावात आज आपण ती मेंटेनन्सच्या पावतीत घालणार?

म्हणून एवढंच करा. पुढच्या सभेत हा विषय आला तर गप्प बसू नका. गप्प बसणं हेच अनुमोदन. उभं राहून विरोध सांगा आणि तो इतिवृत्तात आपल्या नावासकट लिहायला लावा. नुसता विरोध करून घरी येऊ नका, जाळीच्या वर्गणीचा कागद सोबत घेऊन जा आणि पहिला आकडा स्वतःचा लिहा. दाणे टाकणाऱ्या शेजारणीशीही बोला, गोड शब्दांत पण स्पष्ट. आणि पिस्तूल आधीच आणलेलं असेल तर वॉचमनला सांगा, "दादा, माझ्या पैशाने तू हे काम करू नकोस." तोही लेकराबाळांचा माणूस आहे. त्यालाही ते नकोच असेल, पण आजवर त्याला कुणी विचारलं नसेल.

जय जिनेंद्र.